गिन्यांचे ढीग आणि आलेखाची रेघ

शाळेत आपण सगळ्यांनीच आलेख काढले आहेत. आलेख कागद दुकानातून सुटा मिळायचा, तो दप्तरात चुरगळू नये म्हणून वहीत जपून ठेवायचा, आणि उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहायला विसरलं की बाई गुण कापायच्या. आधी स्तंभालेख आले, मग जोडस्तंभालेख, आणि पुढे वृत्तालेख. वृत्तालेखात प्रत्येक भागाचा कोन काढून कोनमापकाने वर्तुळ वाटायचं आणि शेवटी बेरीज ३५८ अंश आली की कुठल्या तरी भागात दोन अंश गुपचूप ढकलायचे. पायथागोरस, युक्लिड, न्यूटन यांची नावं आपल्याला पाठ होती. पण स्तंभालेख आणि वृत्तालेख कोणी काढले, हे पुस्तकात नव्हतं आणि आपणही कधी विचारलं नाही. पाढ्यांसारखे तेही कायमचेच असावेत, असं आपण धरून चाललो.

अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर मी सॉफ्टवेअरमध्ये शिरले. गेल्या वीसेक वर्षांतलं माझं बरंचसं काम बँका आणि विमा कंपन्यांसाठी आकड्यांचे आलेख करून पडद्यावर दाखवायचं आहे. ज्या हत्यारावर पोट चालतं ते घडवलं कोणी, हे बघावं म्हणून वाचायला लागले आणि एका विलक्षण माणसापाशी येऊन थांबले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने “शाळेच्या आठवणी सोडून काहीतरी लिही, त्या सगळ्यांनीच लिहिल्यात” असं बजावलं, म्हणून त्या माणसाची गोष्ट लिहिते आहे. त्याचं नाव विल्यम प्लेफेअर. पेशाने अभियंता, पण आयुष्यभर कोणाच्या चाकरीत न टिकता व्यापार आणि पैशाच्या आकड्यांवर स्वतंत्रपणे लिहीत राहिलेला.

प्लेफेअरचा जन्म १७५९ सालचा. स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळ बेन्व्ही नावाचं खेडं आहे, तिथे त्याचे वडील धर्मोपदेशक होते. विल्यम तेरा वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील गेले आणि घराची जबाबदारी थोरल्या भावावर, जॉनवर आली. हा जॉन प्लेफेअर पुढे एडिंबरा विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. तो आपल्याला अनोळखी नाही. ‘रेषेबाहेरील एका बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते’, हे भूमितीत आपण घोकलेलं विधान ‘प्लेफेअरचं गृहीतक’ म्हणून ओळखलं जातं. युक्लिडचं पाचवं गृहीतक लांबलचक आणि अवघड होतं. त्याच्या जागी हे सुटसुटीत विधान जॉनने आपल्या भूमितीच्या पुस्तकात घेतलं आणि तेच जगभरच्या शाळांत रुजलं. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितावरही त्याने एक निबंध लिहिला होता. म्हणजे एक भाऊ आपल्या भूमितीच्या पुस्तकात शिरला आणि दुसरा आलेखाच्या धड्यात. फक्त नावानिशी दोघांपैकी कोणीच आलं नाही.

जॉनने धाकट्या भावाला घरीच शिकवलं. त्यातला एक पाठ महत्त्वाचा ठरला. त्याने विल्यमला तापमापकाची रोज नोंद ठेवायला लावली, पण नुसते आकडे लिहायचे नाहीत, तर मापाच्या पट्टीवर रेघेने तापमान दाखवायचं. जे आकड्यात सांगता येतं ते रेघेतही सांगता येतं, हे आपल्याला भावाने शिकवलं, असं विल्यमने उतारवयात कृतज्ञतेने लिहून ठेवलं आहे. आपल्यापैकी जे शिक्षक झाले त्यांनी हे वाचून जरा सुखावायला हरकत नाही. एका शिस्तीच्या गृहपाठातून काय निघेल, ते गृहपाठ देणाऱ्याला त्या दिवशी कुठे ठाऊक असतं!

विद्यापीठात न जाता विल्यम कामाला लागला. आधी अँड्र्यू मीकल या गिरणी बांधणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली. मळणीयंत्र तयार करणारा तो हाच मीकल. मग १७७७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, बर्मिंगहॅमला बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यात तो नकाशे काढणारा आणि जेम्स वॅटचा मदतनीस म्हणून रुजू झाला. वाफेचं इंजिन तेव्हा नुकतं बाजारात येत होतं. त्या कारखान्याची कमाईची पद्धत आजच्या भाषेत सांगायची तर ‘बचतीत भागीदारी’ होती. जुन्या न्यूकोमेन इंजिनाला लागणारा कोळसा आणि वॅटच्या इंजिनाला लागणारा कोळसा यांतला फरक काढायचा आणि त्या बचतीच्या एक तृतीयांश रक्कम गिऱ्हाइकाने द्यायची. म्हणजे तिथे मोजमाप हा नुसता तांत्रिक भाग नव्हता, मोजल्याशिवाय पैसेच मिळत नव्हते. कोळसा, वेळ आणि पौंड एकाच हिशेबात बांधलेले होते. अशा जागी कोवळ्या वयात काही वर्षं काढलेल्या, हाताने उत्तम रेखाटन करणाऱ्या पोराच्या डोक्यात पुढे काय शिजलं असेल, याचा अंदाज बांधायला फार कष्ट पडत नाहीत.

पण टिकून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. १७८० नंतर लवकरच तो तिथून बाहेर पडला. धातूच्या वस्तू करण्याच्या पद्धतींचे पेटंट घेतले, भागीदारीत चांदीच्या वस्तूंचं दुकान काढलं. ते चाललं नाही. मग त्याने लेखणी उचलली. अंगात अभियंत्याची शिस्त होती, पण पाठीशी ना विद्यापीठ, ना सरकारी खातं, ना धनिकाचा आश्रय. लिहून विकलं तर जेवण. आज आपण ज्यांना मुक्त संशोधक म्हणतो, त्यांचा हा सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा पूर्वज.

१७८६ मध्ये लंडनला त्याचं ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अॅटलास’ प्रसिद्ध झालं. अॅटलास म्हटलं की आपल्याला नकाशे आठवतात. या पुस्तकात एकही नकाशा नव्हता. होते ते ४४ आलेख, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आणि हाताने रंगवलेले. इंग्लंडचा निरनिराळ्या देशांशी व्यापार, सरकारचं उत्पन्न, राष्ट्रीय कर्ज, असे विषय. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर पौंड. एक रेघ आयातीची, एक निर्यातीची, आणि दोन रेघांमधली जागा रंगवलेली. डेन्मार्क आणि नॉर्वेशी असलेल्या व्यापाराचा १७०० ते १७८० चा आलेख आज फार प्रसिद्ध आहे. त्यात आधी आयातीची रेघ वर आहे, अठराव्या शतकाच्या मध्याला दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडतात आणि पुढे निर्यात वर जाते. एका बाजूला ‘तूट’, दुसऱ्या बाजूला ‘शिल्लक’ असं त्या रंगीत जागेतच लिहिलेलं. ऐंशी वर्षांचा व्यापार बसल्या जागी, एका नजरेत.

लोकांना हे समजेल का, याची त्याला काळजी होती. आकड्यांचे तक्ते वाचायची सवय असलेल्या व्यापाऱ्याला रेघ म्हणजे पैसे हे पटवायचं कसं? त्याने दिलेला दाखला मला फार आवडतो. समजा, एखाद्या दुकानदाराने रोज रात्री गल्ल्यातल्या गिन्या एकावर एक रचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशीच्या गिन्यांचा ढीग शेजारी, तिसऱ्या दिवशीचा त्याच्या शेजारी. महिनाभराने त्या ढिगांच्या माथ्यांवरून नजर फिरवली, की धंदा कधी चढला आणि कधी उतरला हे कोणी सांगायची गरज उरत नाही. आलेखाची रेघ म्हणजे त्या ढिगांचे माथे जोडणारी ओळ. एवढं सोपं आलेखाचं स्पष्टीकरण मी अभियांत्रिकीच्या चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

हेही सांगायला हवं की रेघेने मोजमाप दाखवायची कल्पना सर्वस्वी त्याचीच नव्हती. तापमानाचे वगैरे आलेख त्याच्या आधी लॅम्बर्टसारख्या शास्त्रज्ञांनी काढले होते, आणि थोरामोठ्यांच्या आयुष्याच्या लांबीएवढ्या रेघा ओढून जोसेफ प्रिस्टलीने इतिहासाचा तक्ता १७६५ मध्येच छापला होता. पण निसर्गाची मापं आणि बाजाराचे आकडे यांना एकाच पद्धतीने वागवायचं, पौंडाची लांबी मोजायची, हे धाडस प्लेफेअरने केलं.

स्तंभालेखाचा जन्म तर अडचणीतून झाला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, १७८०–८१ चे. एका वर्षाची रेघ काढणार कशी? म्हणून त्याने सतरा देशांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे आयात-निर्यातीच्या आडव्या पट्ट्या ओढल्या. त्यात काळ दिसत नाही म्हणून त्याला स्वतःला तो आलेख कमअस्सलच वाटत होता. ४४ आलेखांमध्ये हा एकच असा. आणि आज शाळेतली मुलं सगळ्यात आधी शिकतात तो हाच.

पुस्तक छापण्याआधी त्याने जुने मालक जेम्स वॅट यांचा सल्ला मागितला होता. वॅटनी १७८५ मध्ये दिलेलं उत्तर या सगळ्या गोष्टीचं मर्म आहे, असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आलेखांच्या जोडीला ज्या आकड्यांवरून ते काढले ते तक्तेही छाप. नाहीतर हे आलेख केवळ तुझ्या शब्दावर उभे राहतात, आणि ही माहिती तुला मिळाली कुठून, असं लोक साहजिकच विचारतील.

वॅट हा मोजमापाचा माणूस. सुंदर चित्र बघून तो भुलला नाही. त्याने विचारलं, आकडे कुठले? हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण प्लेफेअरचं पुढचं सगळं आयुष्य या प्रश्नाभोवती फिरतं.

१७८७ च्या सुमारास तो पॅरिसला गेला. त्याचं अॅटलास सोळाव्या लुईपर्यंत पोचलं आणि राजाला भूगोलाची आवड असल्याने त्याने ते चटकन जाणलं, असं प्लेफेअरने स्वतः नमूद केलं आहे. १७८९ मध्ये फ्रेंच आवृत्ती निघाली. त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला, आणि त्याच सुमाराला प्लेफेअर एका जमीनविक्रीच्या धंद्यात उतरला. अमेरिकेत ओहायो नदीकाठच्या जमिनी फ्रान्समधल्या लोकांना विकणारी ती सायोटो कंपनी. अमेरिकेहून आलेला जोएल बार्लो नावाचा कवी तिचा प्रतिनिधी आणि प्लेफेअर त्याचा सहकारी. क्रांतीच्या धास्तीने देश सोडू पाहणाऱ्या काहीशे माणसांनी पैसे भरले, कागद घेतले आणि १७९० मध्ये ते समुद्र ओलांडून गेले. तिथे पोचल्यावर कळलं की ज्या जमिनीचे कागद आपल्या हातात आहेत, तिची मालकी कंपनीकडे कधी नव्हतीच. पॅरिसमध्ये गोळा झालेला पैसाही अमेरिकेत पोचला नव्हता. तो कुठे गेला याचा ठपका अनेकांनी प्लेफेअरवर ठेवला. ती माणसं जंगलाच्या कडेला गॅलिपोलिस नावाच्या वस्तीत कशीबशी राहिली. शेवटी अमेरिकेच्या काँग्रेसने १७९५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी जमीन देऊ केली. ज्यांनी कागद बघून घरदार विकलं, त्यांच्यापैकी ‘तुम्हाला हे मिळालं कुठून’ असं कोणी विचारलं होतं का, कोण जाणे.

प्लेफेअर लंडनला परतला. १७९७ मध्ये सिक्युरिटी बँक नावाची एक बँक काढण्यात त्याने भाग घेतला, तीही बुडाली. कर्जापायी त्याला लंडनच्या फ्लीट तुरुंगाची हवा खावी लागली. आणि अशा ओढगस्तीच्या दिवसांत, १८०१ मध्ये, त्याचं ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ हे छोटं पुस्तक निघालं. त्यात वृत्तालेख पहिल्यांदा छापला गेला. युरोपातल्या प्रत्येक देशासाठी एक वर्तुळ, जेवढा देशाचा विस्तार तेवढं वर्तुळाचं क्षेत्रफळ. तुर्की साम्राज्य तीन खंडांत पसरलेलं होतं, म्हणून त्याचं वर्तुळ त्याने आशिया, युरोप आणि आफ्रिका अशा तीन फाकांत वाटलं आणि त्या वेगवेगळ्या रंगवल्या. आपण कोनमापक घेऊन जे करायचो ते इथून सुरू झालं.

या पुस्तकाशी आपलं एक थेट नातं आहे. त्याच्या लांबलचक शीर्षकातच म्हटलं आहे की युरोपच्या जोडीला हिंदुस्थानातल्या सत्ताधाऱ्यांचंही तसंच दर्शन इथे घडवलं आहे. १८०१ साली हिंदुस्थानातले सत्ताधारी म्हणजे कोण? टिपू दोनच वर्षांपूर्वी श्रीरंगपट्टणला पडला होता. कंपनी सरकार होतं, निजाम होता, आणि होते मराठे. पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता आणि शिंदे-होळकरांचं वैर पेटलेलं होतं. इतिहासाच्या तासाला सर ज्या वर्षांना ‘उतरती कळा’ म्हणायचे, तीच ही वर्षं. त्या वेळी लंडनमध्ये कर्जात बुडालेला एक माणूस देशोदेशींची लोकसंख्या आणि वसूल यांच्या रेघा ओढत बसला होता.

इथे माझ्यातल्या अभियंतीला थांबावं लागतं. लोकसंख्येचे हे आकडे आले कुठून? खुद्द ब्रिटनची पहिली शिरगणती झाली १८०१ मध्ये. हिंदुस्थानात ती १८७२ मध्ये सुरू झाली आणि देशभर एकाच वेळी अशी १८८१ मध्ये. त्याआधी मराठी मुलखात किती माणसं राहतात, हे पेशव्यांच्या दप्तरालाही नेमकं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, मग लंडनला कुठून असणार? प्रवाशांच्या आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या अंदाजांपलीकडे हाती काय असणार? अंदाज करायला हरकत नाही, तो करावाच लागतो. अडचण अशी की कागदावर अंदाजाचं वर्तुळ आणि मोजलेल्या आकड्याचं वर्तुळ सारखीच दिसतात. दोन्हींची रेघ तेवढीच कोरीव, रंग तेवढाच स्वच्छ. तक्त्यात निदान ‘सुमारे’ असं लिहायला जागा असते. रेघ ‘सुमारे’ म्हणत नाही.

आणखी एक गोम त्याच पुस्तकात आहे. प्रत्येक वर्तुळाच्या डावीकडे लोकसंख्येची उभी रेघ, उजवीकडे कराच्या उत्पन्नाची उभी रेघ, आणि दोन्हींची टोकं जोडणारी एक तिरकी तुटक रेघ. ही तिरकी रेघ कोणत्या बाजूला चढते त्यावरून लोकांवर कराचा बोजा जास्त की कमी ते कळेल, असं त्याचं म्हणणं. पण चढ किती हे नुसत्या उंचीवर ठरत नाही, दोन रेघांमधल्या अंतरावरही ठरतं, आणि ते अंतर म्हणजे वर्तुळाचा व्यास. त्यामुळे देश लहान असला की चढ अधिक तीव्र दिसतो आणि मोठा असला की सौम्य, कराचा त्याच्याशी संबंध असो वा नसो. दहावीच्या भूमितीवर हे तपासता येतं. ज्याने आलेख घडवला त्याच्याच आलेखात ही फसगत शिरली, हे मला महत्त्वाचं वाटतं. हत्यार नवं होतं, ते कुठे लागतं हे अजून कोणालाच माहीत नव्हतं.

पुढची वीस वर्षं तो लिहीतच राहिला. १८०५ मध्ये श्रीमंत आणि बलाढ्य राष्ट्रं का लयाला जातात यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी अॅडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची अकरावी आवृत्ती त्याने टिपा आणि पुरवणी प्रकरणं जोडून संपादित केली. स्मिथला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. याच काळात फसवणुकीच्या एका खटल्यात तो दोषीही ठरला. पुढे एका बड्या सरदार घराण्याची जुनी भानगड उघड करण्याचं भय घालून पैसे उकळण्याचा त्याचा प्रयत्न फसला. एकाच टेबलावर अर्थशास्त्राची टिपणं आणि असली पत्रं. माणूस म्हणून त्याची बाजू घेणं कठीण आहे आणि मला ती घ्यायचीही नाही.

तरीही १८२१ चा त्याचा शेवटचा मोठा आलेख बघितला की हात जोडावेसे वाटतात. नेपोलियनशी युद्धं संपली होती, गव्हाचे भाव कोसळले होते, जमीनदार ओरडत होते. त्यांच्यासाठी १८१५ मध्येच कायदा झाला होता की देशात गव्हाचा भाव क्वार्टरला ऐंशी शिलिंगांपर्यंत चढेपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. क्वार्टर म्हणजे आपल्या मापाने दोन क्विंटलांहून थोडा जास्त. या गदारोळात प्लेफेअरने १५६५ पासूनच्या अडीचशे वर्षांचा आलेख काढला. गव्हाचा भाव उभ्या स्तंभांनी, त्याखाली चांगल्या कारागिराच्या आठवड्याच्या मजुरीची रेघ, आणि सगळ्यात वर त्या त्या वेळी गादीवर कोण होतं त्याची पट्टी. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की मजुरीच्या मानाने गहू आजच्याइतका स्वस्त पूर्वी कधीच नव्हता. शेतमालाच्या भावाचं बोलताना खाणाऱ्याच्या मजुरीशी तो ताडून बघायचा, हा विचार त्या काळी नवा होता. आपल्याकडे कांद्याच्या भावावरून दरवर्षी रणं माजतात, तेव्हाही असा अडीचशे सोडा, पंचवीस वर्षांचा आलेख कोणी समोर ठेवत नाही.

अर्थात इथेही एक टोचणी आहे. एक क्वार्टर गहू घ्यायला किती आठवड्यांची मजुरी लागते, हे गुणोत्तर त्याने काढायला हवं होतं. आकडे त्याच्याच हातात होते. तसं केलं असतं तर त्याचा निष्कर्ष आलेखात दिसला असता, तो शब्दांत सांगावा लागला नसता.

११ फेब्रुवारी १८२३ ला लंडनमध्ये, गरिबीतच तो वारला. त्याच्या आलेखांकडे इंग्लंडने पुढे कित्येक वर्षं पाहिलंही नाही. विद्वानांना ते बाजारी वाटले असावेत, आणि बाजाराला त्यांचा कर्ता भरवशाचा वाटला नसावा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे प्रसिद्ध आलेख छापले १८५८ मध्ये, म्हणजे अॅटलासनंतर बहात्तर वर्षांनी. तिच्या आलेखांनी सरकारला हलवलं, कारण त्यामागे लष्करी इस्पितळांच्या नोंदी होत्या आणि विल्यम फारसारखा संख्याशास्त्रज्ञ ते आकडे तपासायला शेजारी होता. ‘आकडे कुठले’ या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं.

हे सगळं तुम्हाला सांगायचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या गावातलं आहे. आपण महाविद्यालयात होतो त्या सुमारास गावातली एक पतसंस्था बुडाली, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. काहींच्या घरी ती आठवण अजून दुखते. माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतला काही भाग तिथे होता. संस्थेचा वार्षिक अहवाल दरवर्षी घरी यायचा. गुळगुळीत कागद, आणि मलपृष्ठावर ठेवींचा स्तंभालेख, दरवर्षी आधीच्यापेक्षा उंच. तो आलेख खोटा नव्हता. ठेवी खरोखर वाढत होत्या. थकलेल्या कर्जांचा स्तंभ मात्र त्या पानावर कधीच नव्हता. वडील हिशेबाला चोख होते, वाण्याच्या वहीतला पैसा न पैसा ताडून बघणारे. पण त्या चढत्या पट्ट्या बघून त्यांना धीर वाटायचा. आलेखाला माणूस आकड्यांपेक्षा लवकर विश्वास देतो, हे मी कुठल्या पुस्तकात वाचण्याआधी घरीच पाहिलं.

आता तर आलेख आपल्या खिशात आले आहेत. आपल्या वर्गाच्या गटावरच आठवड्यातून दोनदा तरी कुठल्या ना कुठल्या योजनेची वर जाणारी रेघ येऊन पडते. आमच्या क्षेत्रात असा आलेख करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. प्लेफेअरला तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यावा लागायचा, तेव्हा निदान मेहनतीचा तरी धाक होता.

म्हणून या पेशातली माणूस म्हणून चार गोष्टी सांगते, उपदेश म्हणून नव्हे. एक, उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघा. स्तंभ असतील तर तो झालाच पाहिजे, नाहीतर शंभराचे एकशेदोन झालेले दुप्पट दिसतात. दोन, आलेख कोणत्या वर्षापासून सुरू केला आहे ते बघा. पडझडीच्या तळापासून मोजलं की कोणतीही गुंतवणूक सोन्यासारखी दिसते. तीन, काय दाखवलेलं नाही ते शोधा : ठेवी दिसल्या की थकबाकी विचारा, परतावा दिसला की खर्च आणि जोखीम विचारा. आणि चार, वॅटचा प्रश्न. हे आकडे कुठून आले, कोणी मोजले, मोजणाऱ्याचा यात फायदा काय? ज्याच्याकडे उत्तर असतं तो या प्रश्नाने दुखावत नाही. जो दुखावतो त्याच्याकडे पैसे ठेवू नयेत.

प्लेफेअरला मी गुरू मानत नाही, पण त्याचं ऋण रोज फेडते. त्याने दिलेली रेघ खरी होती, आणि त्याच माणसाने विकलेले जमिनीचे कागद पोकळ होते. दोन्ही त्याच हातांनी दिले होते, आणि समोरच्याला सारख्याच आत्मविश्वासाने दिले होते. फरक फक्त मागे काय होतं त्यात.

संमेलनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी व्हरांड्यात बसलेली असेन. सर, बाई, तुमच्याकडे किंवा कोणाकडेही असं एखादं पत्रक आलं असेल, ज्यावरची रेघ फारच छान वर जाते आहे, तर पिशवीत घालून आणा. चष्मा लावून आपण मिळून बघू. आलेख कागदही मी घेऊन येते आहे, आणि या वेळी प्रमाण लिहायला विसरणार नाही.